पाठीवरचे दोन तीळ

११ जानेवारी

ताई,

ट्रेमधल्या कागदावर ते दोन काळे ठिपके वर आले, त्या क्षणी माझं सगळं उलटंपालटं झालं. आतापर्यंतचा मी वेगळा, इथून पुढचा वेगळा. तू हसशील. हस खुशाल, पण पत्र पूर्ण वाच आणि वाचून झालं की फाडून टाक. भावजींना दाखवायचं नाही. बाबांना तर नाहीच नाही. ते आधीच म्हणत असतील, अंधाऱ्या खोलीत कागद भिजवायला कार्ट्यानं कॉलेज अर्ध्यावर सोडलं.

नीट सांगतो. मास्तर माणसांचे फोटो काढतात आणि त्यात माणूस उरू देत नाहीत. चेहरा तर नसतोच. उघड्या अंगावर एकाच बाजूनं कडक लाइट मारतात, कॅमेरा अगदी जवळ नेतात आणि छापताना मधला सगळा करडा रंग उडवून लावतात. राहतं ते फक्त काळं आणि पांढरं. गुडघा डोंगर होतो, दुमडलेलं कोपर दरी होतं. परवा एक गृहस्थ एका मानेच्या फोटोपुढं उभे राहून म्हणाले, "ही होडी कुठल्या बंदरातली हो?" मास्तर दिवसभर खूश. आणि फोटोत कोण आहे हे कुणालाही सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. "नाव कळलं की लोक फोटो बघायचं सोडून देतात आणि माणूस शोधत बसतात," असं म्हणतात.

इथं मी म्हणजे पडेल ते काम. ट्रे धुवायचे, कॅमेऱ्यात घालायच्या फिल्म अंधारात चाचपडत भरायच्या, लाइटची जागा ठरेपर्यंत शर्ट काढून स्टुलावर मातीच्या गोळ्यासारखं बसून राहायचं. आता हात बसलाय म्हणून मोठे प्रिंटही मीच काढतो.

ब्रशवालीबद्दल तुला लिहिलंच आहे. (मागची सगळी पत्रं तिच्याबद्दलच होती, हे मला माहीत आहे. चिडवू नकोस.) प्रिंटवर धुळीचे बारीक पांढरे ठिपके राहतात, ते ती केसाएवढ्या ब्रशनं भरून काढते. खिडकीपाशी वाकून बसते, केस पुढं घेते, आणि मग मानेच्या खाली, डाव्या अंगाला, दोन तीळ दिसतात. एकाखाली एक. मला डोळे बांधून उभं केलंस तरी ते कुठं आहेत हे मी बोट ठेवून दाखवीन.

आज मास्तरांनी एक निगेटिव्ह दिली. म्हणाले, "प्रदर्शनातला हा मुख्य फोटो. मोठा काढ, आणि जीव ओतून काढ." मी ओतला. लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये सोडला, ट्रे हलवत राहिलो. आधी एक काळी कडा आली. मग लांबच लांब पांढरा उतार, मधे खोल पन्हळ. ही पाठ आहे एवढं माझ्या लक्षात आलं, इतपत डोळा आता तयार झालाय. आणि मग त्या उतारावर, डाव्या अंगाला, दोन काळे ठिपके. एकाखाली एक.

माझ्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. कागद वेळेवर उचलला नाही म्हणून तो प्रिंट पार काळा पडून वाया गेला. दुसरा काढला. त्यातही तेच.

प्रदर्शन उघडलं की मी तिला विचारणार होतो ताई. आडवळण नाही, सरळ लग्नाचंच. आणि ही त्या म्हाताऱ्यापुढं पाठ उघडी करून बसते, मला पत्ता लागू देत नाही, आणि तो तिचा फोटो माझ्याच हातून छापून घेतो!

काय करू ते सांग. लवकर सांग. डोकं फुटायची वेळ आलीये.

तुझा,
शिट्टी


१४ जानेवारी

प्रिय शिट्टी,

पत्र फाडलं नाही. भावजींनाही दाखवलं नाही, पण मी हसायला लागले तेव्हा ते समोरच बसले होते, त्यामुळे त्यांना बरंचसं कळलंच.

कुकर गॅसवर ठेवायचा अवकाश की शिट्टी, असा तू लहानपणापासूनचा. म्हणून तर नाव पडलं. कॉलेज सोडलंस तेव्हाही "त्या क्षणी सगळं बदललं" असंच लिहिलं होतंस. त्याआधी वसतिगृहातल्या त्या पोराचं नाक फोडलंस तेव्हाही. तुझे क्षण फार होतात रे.

आता माझं ऐक. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी असते. लोकांच्या नाकावर काच चढवते आणि विचारते, "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" निम्मी माणसं आधी "आता, आता" म्हणतात आणि मग बघतात. तू त्यांच्यातला. तूच लिहितोस की त्या फोटोत मान होडी दिसते आणि गुडघा डोंगर. मग दोन ठिपक्यांवरून तू एक आख्खी मुलगी कशी काय उभी केलीस?

बरं, समजा तीच आहे. मग? ती पाठ तिची आहे, तुझी नाही. तिनं ती कुणाच्या कॅमेऱ्यापुढं धरावी हे तुला विचारून ठरवायचं, असं तुमचं कधी बोलणं झालं होतं का? मागच्या पत्रांप्रमाणे तुमचं एकूण बोलणं असं: "खिडकी उघडू का?", "नको, धूळ येते." एवढ्यावर तू लग्नापर्यंत पोचलास आणि लग्न मोडायलाही निघालास. ती बिचारी या दोन्ही प्रसंगांना हजर नव्हती.

मास्तरांबद्दलही जपून लिही. "म्हातारा" कालपरवापासून झाला. बेवारशी पोरासारखा तू त्यांच्या दारात गेलास तेव्हा त्यांनी काही न विचारता आत घेतलं, हे तूच मला लिहिलं होतंस.

त्या फोटोची एक छोटी प्रत मला पाठव. आणि माझं उत्तर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. विचारायचंच झालं तर तिला एकटीला, हळू आवाजात, आणि खरंच प्रश्न विचारतोयस असं विचार. आरोपाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की तो प्रश्न होत नाही.

जेवतोयस ना?

ताई


१७ जानेवारी

ताई,

सोबत छोटी प्रत आहे. पाकीट उघडताना पाण्याचा हात लावू नकोस.

तुझं पत्र वाचताना सगळं पटलं. घडी करून खिशात ठेवलं आणि पटलेलं सगळं उतरलं.

कारण तुला पुढचं माहीत नाही. दोन दिवस मी गप्प राहून नुसतं बघतोय. मोठा प्रिंट तिच्या टेबलावर आहे. ती दुसरं काही हातात घेत नाही, सकाळपासून त्याच एका प्रिंटवर वाकलेली. मी आत गेलो की त्यावर फडकं टाकते! बाकी कुठल्याही प्रिंटवर तिनं कधी फडकं टाकलेलं नाही. काल मी मुद्दाम थांबलो.

"काय चाललंय?"

"काम."

"बघू?"

"नको. ट्रे धुऊन झाले का तुझे?"

आणि कान लाल. ताई, कान लाल! ज्याच्या मनात काही नाही त्याचे कान कशाला लाल होतील?

अजून ऐक. मी आतल्या खोलीत प्रिंट मोठे काढायचं यंत्र, एन्लार्जर, पुसत होतो. बाहेर मास्तर तिला म्हणाले, "ते दोन ठिपके तेवढे घालव बाई. लोकांची नजर नेमकी तिथंच जाईल." ती म्हणाली, "घालवते. अलगद काढावे लागतील." मास्तर म्हणाले, "त्याला काही बोलली नाहीस ना?" ती म्हणाली, "छे, मी कशाला बोलू?"

त्याला म्हणजे मला. आता बोल! काय स्पष्ट दिसतंय, आता की मघाशी?

तू बजावलंस म्हणून तोंड शिवून बसलोय. पण मला फार वेळ बसता येत नाही हे तुला माहीत आहे. हॉलवाल्या बाई, ज्यांच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागणार आहे त्या, येऊन फोटो पसंत करणार आहेत. त्या फोटोसमोर उभ्या राहून "वा, वा" म्हणतील आणि मी शेजारी ट्रे पुसत उभा राहीन, असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखत नाहीस.

शिट्टी


२१ जानेवारी

प्रिय शिट्टी,

प्रत मिळाली. दुकानात नेली, दिव्याखाली धरली, भिंगातून बघितली. मला ती नदीकाठची वाळू वाटली. भावजी म्हणाले, पावाची लादी आहे, आणि पाव चांगला फुगलाय. आमच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "हे सरळ धरलंय का?" पुरुष, बाई, म्हातारं, तरुण, कुणालाही काही सांगता आलं नाही. माणूस आहे हेच मुळात मी सांगितलं तेव्हा कळलं, आणि मग मात्र सगळे त्याच्याकडं वेगळं बघायला लागले. तुझे मास्तर म्हणतात त्यात तथ्य आहे.

खरं सांगू का, मला तो फोटो आवडला. एखादं माणूस अगदी निर्धास्त असावं, आपल्याला कुणी बघतंय हे त्याच्या गावीही नसावं, तसं काहीतरी त्यात आहे. मी तो आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय.

पण तुझ्या पत्रानं माझी झोप उडाली. फडकं, लाल कान, दोन ठिपके घालवणं, हे सगळं ऐकून मलाही क्षणभर वाटलं की असेल बाबा, तीच असेल. म्हणून आता पहिल्यापेक्षा स्पष्ट लिहिते. तीच असेल तर ती तुला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करते आहे. जी मुलगी तुला कळू नये म्हणून एवढी धडपडते, तिला तुझ्या मनात काय येईल याची पर्वा आहे. हे तुझ्या टाळक्यात शिरतंय का? ज्याची पर्वा नसते त्याच्यासमोर कुणी फडकं टाकत नाही. ओरडलास की हे सगळं हातचं जाईल.

तर शांतपणे जा आणि तिला विचार. हॉलवाल्या बाईंसमोर नाही. मास्तरांसमोर नाही. तुझं पहिलं वाक्य "तू मला आवडतेस" हे असू दे. बाकी सगळं त्याच्या नंतर.

हे पत्र आजच्या आज टाकते. देवा, वेळेवर पोचू दे.

ताई


२२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र अजून नाही. आता आलं तरी उपयोग नाही. झालं ते झालं.

हॉलवाल्या बाई काल अचानक आल्या. मास्तरांनी मोठा प्रिंट भिंतीला टेकवून उभा केला, निगेटिव्ह खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर ठेवली. बाई मागं सरकल्या, पुढं आल्या, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाल्या, "किती विश्वासानं बसलंय हे कोण आहे ते! हे तुम्हाला कसं जमतं मास्तर?"

विश्वासानं! हा शब्द माझ्या कानात गेला आणि मग मला पुढचं थांबवता आलं नाही. मी म्हटलं, "कोण आहे ते मी सांगतो बाई. ती बघा, खिडकीपाशी बसलीये. पाठ ओळखायची असेल तर केस बाजूला करायला सांगा."

नंतरही बरंच बोललो. सगळं आठवत नाही. मास्तरांच्या वयावरून बोललो. ठिपके खरवडले म्हणून पाप खरवडलं जात नाही, असंही काहीतरी म्हणालो. तुला ठाऊक आहे, मी बोलायला लागलो की माझं मलाच ऐकू येत नाही.

ती आधी हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून, लहान पोराचा गोंधळ बघून हसावं तशी. त्या हसण्यानं तर मी आणखीच पेटलो. मग तिचं हसू थांबलं. हॉलवाल्या बाई पाण्याचा ग्लास कुठं मिळतो ते शोधायला लागल्या. मास्तर एवढंच म्हणाले, "चाकू खाली ठेव आणि घरी जा."

घरी आलो. आता बरं वाटतंय. मन हलकं झालं. निदान कुणी मला मूर्ख बनवत नाहीये.

ती काहीच बोलली नाही ताई. एक शब्द नाही. खोटं असतं तर बोलली नसती का?

शिट्टी


२५ जानेवारी

शिट्टी,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं आतापर्यंत मिळालं असेल. वाचून काय वाटलं ते लिहू नकोस, मला अंदाज आहे.

मला एकच सांग. चाकू कुठून आला?

तू लिहितोस, बोललो, बोललो, बोललो. आणि मास्तर म्हणतात, चाकू खाली ठेव. मधलं वाक्य तू गाळलंस. मी ते पत्र चारदा वाचलं आणि चारही वेळा मला तिथं घाम फुटला. कुणाला लागलं का? तिच्या अंगावर गेलास का? खरं लिही. कसंही असलं तरी मी तुझी बहीणच राहणार आहे, पण अर्धंमुर्धं लिहून मला इथं जाळत ठेवू नकोस.

आणि घरात तोंड लपवून बसला असशील तर ऊठ. आज जा. माफी मागायला जा, सिद्ध करायला नको. भावजी म्हणतायत, सोबत येऊ का? मी म्हटलं, नको. हे त्याचं त्याला करू दे.

ताई


३० जानेवारी

ताई,

कुणाला लागलं नाही. चाकू तिचाच होता, टेबलावरचा, प्रिंट खरवडायचा, नखाएवढ्या पात्याचा. मी तो उचलला आणि दिव्यावरच्या निगेटिव्हवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढला. फिल्मचा कर्रर्र आवाज झाला. हे वाक्य मी गाळलं होतं. तिचं हसू तेव्हा थांबलं.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी गेलो. पायऱ्या चढताना तू सांगितलेलं पहिलं वाक्य घोकत होतो. आत मास्तर होते, ती होती. कुणी "ये" म्हणालं नाही, "जा"ही म्हणालं नाही. निगेटिव्ह अजून काचेवरच होती, आरपार ओरखड्यासकट.

मास्तर म्हणाले, "शर्ट काढ."

मला वाटलं, आता मारणार. मारा म्हटलं, हक्क आहे तुमचा. मी शर्ट काढला.

"स्टुलावर बस. तिकडं तोंड करून. नेहमीसारखा."

बसलो. मास्तरांनी दिवा ओढला, ऊब पाठीवर आली. ती उठली, कोपऱ्यातला मोठा पांढरा पुठ्ठा घेऊन माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली, उजेड माझ्यावर परतवत. लाइट लावताना ती रोज इथंच उभी राहते. मी समोरच्या भिंतीकडं बघत होतो. आणि मागं कॅमेऱ्याचा खटका वाजला.

मी म्हटलं, "आत फिल्म आहे?"

"त्या दिवशीही होती," मास्तर म्हणाले.

ताई, मला लगेच कळलं नाही. तू पत्र वाचतेस तेवढ्या वेळात तुला कळलं असेल, मला नाही कळलं. मी म्हटलं, कुठल्या दिवशी? मग माझ्या पाठीवरून गार पाणी गेल्यासारखं झालं आणि मी वळलो.

"ती माझी पाठ आहे?"

"हलू नकोस," मास्तर म्हणाले. "लाइट जाईल."

मग मी भडकलोच. होय, तिथंही. म्हटलं, मला न विचारता? मास्तर म्हणाले, "विचारलं होतं. तू म्हणालास, काढा की मास्तर, माझी पाठ बघायला कोण येतंय. आणि पुढं बडबडत राहिलास." आणि ताई, मी म्हणालो होतो. आठवलं. ब्रशवाली त्या दिवशी पुठ्ठा धरून इतकी जवळ उभी होती की मी काय बोलतोय याचं मला भान नव्हतं.

"मग तीळ?" मी विचारलं.

"कुठले तीळ?" तिनं त्या दिवसानंतर माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"दोन. डाव्या अंगाला. एकाखाली एक."

तिनं पुठ्ठा खाली ठेवला, दुसरी एक छोटी प्रत आणि भिंग आणून माझ्या हातात दिलं. "बघ. तीळ असा असतो का? याच्या कडा बघ, सुईनं टोचल्यासारख्या. ही धूळ आहे. छापताना निगेटिव्हवर धूळ बसली तर ठिपका पांढरा येतो, मी रंगानं भरते. काळा कधी येतो?"

हे तर मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी म्हटलं, "फोटो काढायच्या आधीच फिल्मवर धूळ असली तर."

"फिल्म कोण भरतं इथं?"

भरतो मीच. माझ्याच पाठीवर, माझ्याच हातानं बसलेली धूळ. ती धूळ माझ्यामुळं बसली हे कळलं तर मी ओशाळेन म्हणून मास्तर तिला म्हणाले होते, त्याला काही बोलली नाहीस ना. माझी लाज राखत होते ते दोघं. आणि मी त्यांना काय काय बोललो.

मग तिचा हात हळूच तिच्या मानेमागं गेला. तिला तेव्हा समजलं, मी कुठले तीळ म्हणत होतो ते. तिनं केस मागं सोडले. मान झाकली गेली.

मास्तरांनी पुन्हा फोटो काढायचा प्रयत्न केला. ओरखडा पडलेली निगेटिव्ह गेली तर गेली, दुसरी काढू, म्हणाले. फिल्म तेच भरत होते, मला हात लावू दिला नाही. एक काढला, दुसरा काढला. "खांदे सोड." सोडले. "श्वास घे." घेतला. "अरे, लाकडाची फळी होऊन बसलायस." मी म्हटलं, नेहमीसारखाच बसलोय. ते म्हणाले, "तू बसलायस, पण पाठ उभी आहे. त्या दिवशी पाठीला माहीतच नव्हतं, कुणी बघतंय ते." बऱ्याच वेळानं त्यांनी दिवा बंद केला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि फिल्म धुवायला आत गेले. धुऊन काही निघणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

ती टेबलाशी बसली. मोठा प्रिंट तिच्यापुढं होता, पण पहिला नाही. मास्तरांनी ओरखड्यासकट नवीन काढला होता, पहिल्यापेक्षा मोठा, भिंतभर लावायला हॉलवाल्या बाईंनी मागितला होता तेवढा. त्यावर आडवी काळी रेघ. ती चाकूच्या टोकानं रेघ खरवडत होती. पांढरी असती तर भरून टाकली असती. काळं भरता येत नाही. कागदाचा वरचा पापुद्रा इतका हलका काढायचा की खालचं पांढरं वर येईल आणि कागदाला कळणार नाही. तळहाताएवढा भाग झाला होता. तिथं खरंच काही दिसत नव्हतं.

"हे तू माझ्यासाठी करतेयस?" मी विचारलं.

"फोटोसाठी. चांगला आहे फोटो."

मी शर्ट हातात धरून उभा होतो. तुझं वाक्य बोललो. तू मला आवडतेस. मग माझी वाक्यं सुरू झाली. चुकलो, आंधळा झालो होतो, पाया पडतो, प्रदर्शन झाल्यावर विचारणार होतो, आयुष्यभर तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. आवाज चढत गेला असणार, कारण ती म्हणाली, "ओरडू नकोस. हात हलतो."

मी आवाज उतरवून म्हटलं, "मग फडकं का टाकायचीस?"

ती खरवडायची थांबली. कान लाल झाले. "लाज वाटायची. दिवसदिवसभर तुझ्या पाठीवर ब्रश घेऊन वाकलेली असायचे. तू आत यायचास आणि मला वाटायचं, ह्याला कळलं."

ताई, तू म्हणाली होतीस. तुझं ते पत्र वेळेवर यायला हवं होतं. नाही, तसंही नाही. आलं असतं तरी मी घडी करून खिशात ठेवलं असतं.

"म्हणजे तुलाही..."

"होतं," ती म्हणाली.

"आणि आता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता ग. राग असता तर मला बरं वाटलं असतं, रागाशी मला वागता येतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता तू आत आलास की मी आधी चाकू कुठं आहे ते बघते."

मी टेबलाकडं बघितलं. एरवी तिथं तिची सगळी पाती एका रांगेत मांडलेली असतात. एकही नव्हतं. होतं ते एकच, तिच्या मुठीत, आणि मूठ घट्ट होती.

मला बोलायचं होतं. माझ्याकडं इतकं काही होतं की तुला सांगतो, तासभर पुरलं असतं. वचनं होती, शपथा होत्या, डोकं आपटून घ्यायला भिंत होती. मी तोंड उघडलं आणि तिच्या मुठीची बोटं आणखी पांढरी झाली. तेवढं मला दिसलं. एवढं स्पष्ट मला आजवर काही दिसलं नव्हतं.

तोंड मिटलं. शर्ट घातला, बटणं लावली. मास्तर आतून ट्रे हलवत होते त्याचा आवाज येत होता. माझ्याकडची स्टुडिओची चावी खुंटीला अडकवली. ती पुन्हा प्रिंटवर वाकली नव्हती, मी जाईपर्यंत वाकणार नव्हती. मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.